पाच वेळा नाही

बोईसर,
१० नोव्हेंबर १९९६

हिराबाय,

'तीर्थरूप' लिहायला हात वळत नाही आणि नुसतं 'हिरा' लिहिलं तर आई वरून डोळे वटारेल, म्हणून एवढंच. तू मोठी बहीण, नमस्कार केला असं समज.

परवा इथल्या बाजारात साखरबाई भेटली. पाटीत बोंबील होते चार आणि सातपाटीच्या बातम्या पाटीभर. सगळ्या ओतून झाल्यावर हळूच म्हणते, "हिराबाय इचारत होती, सुगंधा कशी हाय? खाते-पिते ना?" सहा महिने आपलं बोलणं नाही आणि माझ्या मुलीची विचारपूस करायची ती मासळीवालीच्या तोंडून, चार गिऱ्हाइकांसमोर! म्हणून उत्तर पत्राने देते. एसटीने यायचं तर दीड तासाची वाट आहे, पण तुझ्या दारात पाय ठेवणार नाही असं बोलून बसलेय, आणि बोललेलं धरून बसणं हा आपल्या घरचा जुना आजार.

तर सुगंधा छान आहे. बारावी सायन्स म्हणजे खायचं काम नाही. सकाळच्या शटलने पालघरला कॉलेज, दुपारी परत, मग क्लास. पोर उंच झाली की अंगाने उतरतेच. मी कंपनीत पॅकिंगला जायचे तेव्हा पहिली चार वर्षं तूच तिला सांभाळलंस, हे मी नाकारत नाही. पण म्हणून जन्मभर तिच्यावर नजर ठेवायचा परवाना तुला कोणी दिलेला नाही.

पुरावा हवा असेल तर तोही आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या कॉलेजात डॉक्टर फ्रेनी म्हणून एक पारशी डॉक्टरीण आली होती. पालघरलाच तिचा दवाखाना आहे. तिने सगळ्या मुलींना एकेक कागद वाटला. त्यावर पाच प्रश्न. जेवल्यावर मुद्दाम ओकतेस का, एकदा खायला बसलं की हात आवरत नाही असं होतं का, तीन महिन्यांत खूप वाळलीस का, लोक बारीक म्हणतात तरी स्वतःला जाडी वाटतेस का, आणि दिवसभर डोक्यात खाण्याचाच विचार असतो का. पुढे 'हो' किंवा 'नाही' लिहायचं, खाली पालकांची सही, आणि कागद पेटीत टाकायचा. दोन 'हो' आले की डॉक्टरीण त्या मुलीला बोलावून घेते.

सुगंधाला बोलावणं आलं नाही. पाचही प्रश्नांपुढे 'नाही' आहे. शाईने, स्वच्छ अक्षरात. मी स्वतः पाहिलंय.

वैशाखात आपल्या नामदेवच्या मुलाच्या हळदीला तू मला मोरीमागे ओढून काय विचारलंस ते मी विसरलेली नाही. "जमने, पोर जेवली की ओकते. पाळी आली काय तिला?" सतरा वर्षांच्या पोरीबद्दल! आणि पलीकडे दोन हातांवर हळद लावणाऱ्या बायका! त्यावर मी जे बोलले ते मी मागे घेत नाही. आता डॉक्टरचाच कागद सांगतोय, तेव्हा मनातलं काढून टाक आणि पुन्हा असले निरोप पाठवू नकोस.

जमना


१५ डिसेंबर

हिराबाय,

पत्राचं उत्तर नाही, आणि साखरबाईकडून सोड्यांचा डबा मात्र आला. तुझं हे असंच. भांडणातसुद्धा तुझाच हात वर. मार्गशीर्ष चालू आहे, घरात मासळी शिजत नाही, म्हणून डबा फळीवर ठेवलाय.

सुगंधाने यंदा मार्गशीर्षातले सगळे गुरुवार धरलेत. सोमवार आणि शनिवार आधीपासून होतेच, त्यात चतुर्थी आली. फराळसुद्धा करत नाही, नुसतं पाणी. शेजारच्या येसूबाई म्हणतात, "देवीचीच लेक हाय तुमची. आमच्या पोरी बगा, उपासाला दुप्पट खातात." मी हसले. आधी बरंही वाटलं. मग घरात येऊन कॅलेंडरकडे बघत बसले. आठवड्यातले तीन-चार दिवस देवाला गेले, आणि उरलेल्या दिवशी ती "कॅन्टीनमध्ये खाल्लं" म्हणते. मग ती जेवते कधी? त्या कागदावर उपासाचा प्रश्नच नव्हता. पारशी बाईला काय सुचणार उपास.

तुला आणखी एक सांगते. हे फक्त तुलाच, आणि वाचून झालं की पत्र चुलीत टाक.

नळाला पाणी सकाळी सहा ते सात. पण ज्या दिवशी ती आमच्यासमोर जेवते, त्या दिवशी जेवण होताच मोरीत जाते, आणि बादलीतलं पाणी तांब्या-तांब्याने फरशीवर ओतत राहते. त्या आवाजाच्या आड दुसरा एक आवाज असतो. तो ऐकू आला की मी भांडी जोरजोरात घासायला घेते. हे विचारतात, "अगं, एवढा काय राग भांड्यांवर?" मी काहीतरी सांगते.

भर दुपारी ती स्वेटर घालून बसते. बोईसरात, हिराबाय, जिथे डिसेंबरात पंखा लागतो. फणीत केसांचे पुंजके येतात. आणि कपाटातलं तिचं पाळीचं पाकीट गणपतीत आणलेलं आहे तसंच आहे.

तेव्हा मला तुझंच बोलणं आठवलं. ती क्लासला गेली असताना मी तिचं दप्तर उपसलं. वह्या झटकल्या, कंपासपेटी उघडली. एखाद्या मुलाची चिठ्ठी सापडते का बघत होते. खरं सांगू? सापडली असती तर मी देवीपुढे नारळ फोडला असता. ती भानगड मला कळली असती. लग्न लावून दिलं असतं, चार लोकांचं ऐकून घेतलं असतं. काहीच सापडलं नाही. मग हे काय आहे? मला भीती वाटते, आणि भीती कशाची ते कळत नाही म्हणून जास्त वाटते.

त्या दिवशी मोरीमागे तू नक्की काय पाहिलंस? रागावू नकोस. लिही.

जमना


२७ डिसेंबर

हिराबाय,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. ते मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "जमने, पोर पोटुशी हाय असं मी बोलली नवती. पोर मुद्दाम ओकत होती आन् रडत होती. पाळी इचारली, कारन सुकल्या पोरीची पाळी आदी जाते. आमी सुकती मासळी बगतो, सुकती पोर नाय काय कळणार? तिचा हात धरून बग, थंड हाय काय."

हात थंड आहे. धरला मी. तिने लगेच ओढून घेतला.

आणि काल गुरुवारी ती पडली. शटलमध्ये उमरोळीलाच तिला अंधारी आली, तरी ती काही बोलली नाही. पालघरला उतरली आणि फलाटावर कोसळली. मैत्रिणींनी रिक्षात घालून डॉक्टर फ्रेनीच्या दवाखान्यात नेलं. ह्यांच्या कंपनीत फोन आला, हे मला घ्यायला आले. आम्ही पोहोचलो तेव्हा तिला वरच्या मजल्यावर खाटेवर ठेवलं होतं आणि हाताला सलाईन होतं. चादरीखाली माणूस आहे असं वाटतच नव्हतं.

डॉक्टरीण साठीची असेल, केस पांढरे, बोलणं मऊ. म्हणाली, "नाडी बेचाळीस आहे. रक्तातला पोटॅशियम फार खाली गेला. असा खाली गेला तर हार्ट कधी पण थांबते." कधी पण, हिराबाय. ती हे इतक्या साधेपणाने बोलली, की मला आधी अर्थच लागला नाही.

मग तिने एका फायलीतून तो कागद काढला. सुगंधाचा. म्हणाली, "मी ह्या पोरीला वर्गात पाहिलं तेव्हाच मला वाटलं होतं. पण तिने तर पाचही 'नाही' लिहिलं. म्हणून मी बोलावलं नाही. आता टीबी शोधते, किडनी शोधते. किडनीसाठी मुंबईला पाठवावं लागेल. पोटॅशियम ओकण्याने पण जातो. बाई, मला सांगा, ती ओकते काय?"

हे शेजारी उभे होते. नर्स होती. सुगंधा डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "नाही."

सुगंधाने डोळे मिटले.

आता तुला सांगते, आधी सांगितलं नव्हतं. तो कागद तिने भरलेला नाही. मी भरलाय. ते स्वच्छ अक्षर माझं आहे. कंपनी सांभाळून हे विम्याची एजन्सी करतात, तिचे फॉर्म दहा वर्षं मीच भरतेय. त्यात आजारांचा लांबलचक रकाना असतो, क्षय आहे का, दमा आहे का, फेफरं आहे का. 'नाही, नाही, नाही' लिहीत खाली यायचं. एक 'हो' पडलं की मेडिकल लागतं, चौकशी होते, फॉर्म अडकतो. माझ्या हाताला तीच सवय. कागदावर आजाराचं नाव दिसलं की हात आपोआप 'नाही' लिहितो. मला वाटलं, कॉलेजच्या दप्तरी कशाला राहायला हवं काही? उद्या स्थळं यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता मूठ उघडायची हिंमत होत नाही. ह्यांना कळलं तर काय म्हणतील? तुझ्या पाया पडते, साखरबाईने किंवा कोणीही विचारलं तर तू काही पाहिलं नाहीस असं सांग. किडनीचं काही निघालं तर बरंच होईल. त्याला औषध असतं.

मी काय लिहितेय हे मला कळतंय. तरी लिहितेय.

जमना


पालघर,
२९ डिसेंबर

हिराबाय,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. कागद नर्सकडून मागून घेतलाय.

शुक्रवारच्या पत्रातही मी सगळं सांगितलं नव्हतं. तुझ्यापासून काय, माझ्यापासूनसुद्धा लपवत होते. आता सांगते.

तो कागद कोरा नव्हता.

विम्याचे फॉर्म आम्ही कसे भरतो ते तुला ठाऊक नाही. लोक शाईने खाडाखोड करतात, म्हणून हे त्यांना सांगतात, आधी शिसपेन्सिलने लिहा, आमची मंडळी शाईने पक्कं करतील. मग मी बसते. कोणी भोळेपणाने लिहिलेलं असतं की लहानपणी छातीला पाणी झालं होतं. ते मी खोडते आणि 'नाही' लिहिते. सुगंधा हे लहानपणापासून बघत आलीय. आमच्या घरात कुठलाही कागद असाच भरला जातो.

ऑक्टोबरात त्या दिवशी मी डाळ निवडत होते. तिने येऊन कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "आई, मी लिहिलंय. तू पक्कं कर." आणि तिथेच उभी राहिली. एरवी पाठ फिरवून निघून जाणारी पोर, जमिनीकडे बघत उभी राहिली.

पेन्सिलने चार 'हो' होते. एक फक्त 'नाही', हात आवरत नाही त्या प्रश्नापुढे.

मी ते वाचले, हिराबाय. चारही वाचले. आणि खोडरबर घेऊन ती बघत असताना एकेक खोडला, वर शाईने लिहिलं, कागदावरचा भुगा फुंकला आणि सही केली. म्हणाले, "असलं काहीतरी लिहून लोकांना हसायला कारण देऊ नकोस." ती म्हणाली, "बरं." कागद घेतला आणि गेली.

माझ्या पोरीने तोंडाने जे सांगता येत नव्हतं ते आमच्या घरच्या रीतीने सांगितलं होतं. सांगून माझ्या हातात दिलं होतं. मी ते पुसलं. त्यानंतर दोन महिने ती रोज माझ्यासमोर झिजत होती आणि मी भांडी वाजवत होते.

आज सकाळी तिची नाडी चाळीसच्या खाली गेली. नर्स धावली, डॉक्टरीण जिना चढून आली, मला बाहेर काढलं. दाराच्या फटीतून मला तिचे पाय दिसत होते. मला वाटलं, गेली. एवढंच वाटलं, दुसरं काही नाही. मग डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, "आता ठीक आहे. ॲम्ब्युलन्स बोलावते, किडनीसाठी मुंबईला नेऊ." हे खिशातून पाकीट काढायला लागले. आणि माझ्या तोंडून निघालं, "किडनी नाही. ती ओकते. जेवत नाही, आणि जेवली की ओकते. वैशाखापासून. कदाचित त्याच्याही आधीपासून. कागद मी भरला. तिने 'हो' लिहिलं होतं, मी खोडलं."

ह्यांनी पाकीट परत खिशात ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी गुडघे धरून राहिले.

डॉक्टरीणही ओरडली नाही. म्हणाली, "किती 'हो' होते?" मी म्हणाले, "चार." ती म्हणाली, "मला दोन बस झाले असते." मग आत जाऊन तिने नर्सला काय काय बदलायचं ते सांगितलं. ॲम्ब्युलन्स रद्द केली. म्हणाली, किडनी असती तर धोका पत्करून न्यावंच लागलं असतं, पण ह्या अवस्थेत तो प्रवास तिला झेपला नसता.

म्हणजे आज दुपारी मी तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून मारलं असतं, आणि वर म्हटलं असतं, किडनी गेली.

मी विचारलं, आता बरी होईल ना? ती म्हणाली, "हे चार दिवस हार्ट सांभाळायचं. मग खायला शिकवायचं, हळूहळू. त्याला वर्ष लागेल, दोन लागतील. मी काही लिहून देऊ शकत नाही, बाई." मला तिने लिहून द्यायला हवं होतं. मी कागदावर विश्वास ठेवणारी बाई आहे.

जमना


पालघर,
३० डिसेंबर

हिराबाय,

हे पत्र आणि कालचंही टपालात टाकत नाही. साखरबाई बोईसरचा बाजार आटोपून इथे पालघरला सातपाटीची एसटी धरते, तिच्या हाती देतेय. वाचायला बसू नकोस, उभ्याने वाच आणि निघ.

वैशाखात मी तुला म्हणाले होते, "तुला पोर नाही, म्हणून दुसऱ्याची पोर नासकी दिसते." हे शब्द कागदावर मांडल्याशिवाय मागे घेता येणार नाहीत, म्हणून मांडले. मागे घेते. तू तेव्हा पदराने हात पुसलेस आणि पंगतीत वाढायला गेलीस. मी तुझी क्षमा मागते. तू देऊ नकोस हवं तर, पण ये.

आज सकाळी डॉक्टरीण सुगंधाशेजारी बसली होती. मी पायथ्याशी होते. तिने विचारलं, "पोरी, पेजेचा एक चमचा घ्यायचा आहे. कठीण आहे, मला माहीत आहे. तुझ्याजवळ कोण बसलेलं हवं?" मी पुढे सरकले. चमचा हातात घेतलासुद्धा.

सुगंधा म्हणाली, "मावशी."

मी म्हणाले, "मी आहे ना, बाळा." तिने चमच्याकडे पाहिलं. मग छताकडे बघत म्हणाली, "तू बसलीस की मला बरी असल्यासारखं वागावं लागतं, आई. आता दम नाही."

रागाने म्हणाली असती तर मी उलट बोलले असते, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. ती रागावली नव्हती. दमली होती. मी चमचा वाटीत ठेवला आणि खाली आले.

तेव्हापासून तिने काही घेतलेलं नाही. डॉक्टरीण म्हणते, नळीने घालता येईल, पण हृदय इतकं नाजूक असताना जबरदस्ती नको, तिच्या मनाने एक चमचा गेला तर फार. आज संध्याकाळपर्यंत वाट बघू म्हणते.

एसटी स्टँडवरून रिक्षा कर, चालत येऊ नकोस. येताना खायचं काही आणू नकोस. तिला 'किती वाळलीस गं' म्हणू नकोस, 'छान दिसतेस' असंही नको, आणि 'आईसाठी घे' असं तर मुळीच म्हणू नकोस. हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, मला यातलं काही येत नव्हतं. जिना चढून उजवीकडे, खिडकीजवळची खाट.

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेय. माझ्यापाशी थांबू नकोस. सरळ वर जा.

जमना